बाण दिसला पाहिजे

कॉम्प्युटर शिकवणाऱ्याचा हात वर्गाला दिसत नाही, ही या कामातली सगळ्यात मोठी अडचण आहे. फळ्यापुढं उभ्या असलेल्या मास्तरांचा खडू कुठं टेकला, पट्टी कुठल्या आकड्याखाली धरली, हे शेवटच्या बाकावरूनही कळतं. माझा हात मात्र लॅपटॉपच्या आड, माउसवर असतो. भिंतीवर दिसतो तो एक पांढरा बाण, आणि तोही दिसला तर.

माण तालुक्यात बचतगटांच्या ग्रामसंघांचे हिशेब ठेवणाऱ्या लिपिकांना मी एक्सेल शिकवते. यातल्या बऱ्याच जणी दहावी-बारावी होऊन लग्न झालेल्या, आणि आता पोरं मोठी झाल्यावर पुन्हा वही-पेन हातात घेतलेल्या. व्याज कसं लावायचं, हप्ता कुणाचा थकला, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. हिशेब त्यांना शिकवावा लागत नाही. शिकवायचं असतं ते एवढंच की वहीतला रकाना पडद्यावर कुठं असतो आणि त्याला हात कसा लावायचा. नेमकं तिथंच घोडं अडायचं.

“मॅडम, आता कुठं दाबलं ओ?” हा आमच्या वर्गातला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. त्याच्या मागोमाग दुसरा, “बाण दिसंना की.” मग मी माउस गोल गोल फिरवायची. सगळ्यांच्या माना भिंतीकडं वळायच्या, बाण सापडायचा, मी क्लिक करायची, मेनू उघडायचा, आणि तेवढ्यात कुणाचं तरी लक्ष आपल्या कीबोर्डकडं गेलेलं असायचं. पुन्हा पहिल्यापासून. पण ज्या विचारायच्या त्यांची मला काळजी नव्हती. मागच्या रांगेतल्या ज्या काहीच न बोलता शेजारणीच्या पडद्यावर बघून करायच्या, त्यांचं शिकणं हातातून निसटत होतं. वर्ग संपेपर्यंत त्यांनी पायऱ्या पाठ केलेल्या असत, पण बाण नेमका कुठून कुठं गेला हे एकदाही पाहिलेलं नसे. अशा बाईला उद्या स्वतःच्या गावात, एकटीनं, रात्री नऊ वाजता हिशेब जुळवायचा असतो.

यात त्यांच्या डोळ्यांचा दोष धरणं मला मुळीच पटत नाही. साधं गणित करून बघा. हल्लीचा पडदा १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा असतो, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके. विंडोजचा बाण मूळ मापात साधारण १२ ठिपके रुंद आणि १९ ठिपके उंच असतो. हे चित्र सहा फूट रुंद भिंतीवर टाकलं, तर बाण होतो सेंटिमीटरभर रुंद आणि दोन सेंटिमीटरही पुरता उंच नाही. वीस फुटांवर बसलेल्या, नुकताच जवळचा चष्मा लागलेल्या बाईनं तो शोधायचा, शिवाय तो हलत असताना शोधायचा.

त्यात प्रोजेक्टरचा स्वभाव वेगळाच. प्रोजेक्टर उजेड टाकू शकतो, अंधार टाकू शकत नाही. पडद्यावर जे काळं असतं तिथं भिंतीवर नुसता उजेड पडत नाही, म्हणजे तिथं भिंतच दिसते. आमच्या सभागृहाच्या खिडक्यांना पडदे नाहीत, आणि मार्च महिन्यात दुपारी त्या भिंतीवर एवढा उजेड असतो की काळं हे काळं राहतच नाही, फिकट राखाडी होतं. बाण आतून पांढरा, त्याला बारीक काळी किनार. किनार पुसली गेली की पांढऱ्या कागदावर पांढरा बाण उरतो. वर्डमध्ये तर बाणही नसतो, मजकुरावर गेलं की एक बारीक उभी रेघ होते. ती पहिल्या रांगेलासुद्धा दिसत नाही.

माउस जगापुढं आला तोच मुळी एका मोठ्या सभागृहात आणि प्रोजेक्टरवर. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी आपल्या संशोधनाचं प्रात्यक्षिक दाखवलं. बिल इंग्लिश यांच्यासोबत त्यांनी काही वर्षं आधी लाकडी खोक्याचा पहिला माउस बनवला होता. त्या दिवसाचं चित्रीकरण आजही पाहता येतं, आणि मी ते माझ्या प्रत्येक नव्या बॅचच्या आधी थोडं तरी बघते. मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की एंगलबार्ट यांच्या हातांवर एक कॅमेरा रोखलेला होता. मोठ्या पडद्यावर कधी त्यांचा चेहरा, कधी त्यांचे हात आणि कधी दोन्हींवर चढवलेला मजकूर दिसतो. एका हाताखाली माउस, दुसऱ्या हाताखाली पाच पट्ट्यांचं छोटं यंत्र, मधे कीबोर्ड. हात हलला की पडद्यावरचा ठिपका हलतो, हा संबंध बघणाऱ्याला लगेच कळतो. समोरच्यांनी माउस त्याआधी कधी पाहिला नव्हता, म्हणून त्यांना हात दाखवणं भाग होतं. माझ्या वर्गातली परिस्थिती काही वेगळी नाही. माझ्याकडं तेवढे कॅमेरे नाहीत, इतकंच.

हाताची उणीव भरून काढणारं काहीतरी हवं, या शोधात मला पॉवरटॉइज सापडलं. मायक्रोसॉफ्टचाच हा छोट्या छोट्या उपयोगी प्रोग्रॅमचा संच आहे. या नावाचा पहिला संच विंडोज ९५ च्या काळात आला होता. मग मधली बरीच वर्षं नाव ऐकू येत नव्हतं, आणि २०१९ मध्ये तो नव्यानं, सगळ्यांना कोड बघता येईल अशा मुक्त स्वरूपात सुरू झाला. पैसे पडत नाहीत. माउससाठीची साधनं त्यात २०२१ पासून येत गेली. त्यातलं बाण शोधून देणारं साधन मायक्रोसॉफ्टमधले जुने जाणते प्रोग्रॅमर रेमंड चेन यांच्या एका खासगी वापरातल्या प्रोग्रॅमवरून घेतलेलं आहे. ज्या माणसाची हयात विंडोज घडवण्यात गेली त्यालाही आपला बाण शोधायला मदत लागत होती, हे मी वर्गात आवर्जून सांगते. ऐकून बायकांच्या खांद्यावरचा ताण उतरतो.

बसवण्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण इथंच लोक फसतात. इंटरनेटवर माउसचा बाण मोठा करणारं किंवा त्याभोवती वर्तुळ काढणारं सॉफ्टवेअर असं शोधलं की नाना साइट पुढं येतात. तिथली मोठी हिरवी बटणं दाबली की हवं ते बाजूलाच राहतं आणि जाहिराती उघडणारं भलतंच काहीतरी मशीनमध्ये शिरतं. पॉवरटॉइज थेट मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्यावं, किंवा गिटहब या साइटवर कंपनीच्या स्वतःच्या पानावरून. गिटहबवर एकाच आवृत्तीच्या अनेक फाइली दिसतात, त्यातली आपल्या प्रोसेसरची निवडायची. साध्या लॅपटॉपला बहुतेक वेळा एक्स-६४ चालते. त्यातही दोन प्रकार असतात. एक सगळ्या मशीनसाठी, तिला ॲडमिनचा पासवर्ड लागतो. दुसरी फक्त आपल्या खात्यापुरती, तिला लागत नाही. सरकारी किंवा संस्थेच्या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांना या दुसऱ्या फाइलचा फार उपयोग होतो. विंडोज ७ किंवा ८ वर मात्र हे चालत नाही, १० ची बऱ्यापैकी अलीकडची आवृत्ती किंवा ११ लागते.

बसवल्यावर डाव्या बाजूला साधनांची भली मोठी यादी दिसते. मी त्यातली बहुतेक बंद करून टाकते. जुन्या, कमी रॅमच्या मशीनवर उगाच ओझं नको, आणि काही साधनं कीबोर्डची बटणं आपल्याकडं घेतात, त्यामुळं वर्गात भलतंच काही उघडलं की बायका घाबरतात. माउसची ठेवायची, बाकीची एकेक करून बंद.

आता मुख्य गोष्ट. डावीकडची कंट्रोल की पाठोपाठ दोनदा दाबली की सगळा पडदा मंद होतो आणि उजेडाचं एक मोठं वर्तुळ आकसत आकसत बाणाभोवती येऊन थांबतं. अर्ध्या सेकंदाचं काम. डोळा त्या आकसणाऱ्या वर्तुळाच्या मागं आपसूक जातो. पहिल्यांदा हे वर्गात केलं तेव्हा मागून “हां, घावला!” असा आवाज आला, आणि तो त्या गप्प बसणाऱ्या रांगेतून आला. माउस हलवून थांबवला किंवा कुठलीही की दाबली की पडदा पूर्ववत होतो. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही भराभर करताना हे मधेच उगवत नाही, कारण मधे दुसरं अक्षर दाबलेलं असतं. ही शंका मला प्रत्येक बॅचमध्ये विचारतात आणि ती रास्त आहे.

दुसरं साधन क्लिक दाखवणारं. विंडोजची की, शिफ्ट आणि एच एकदम दाबलं की ते सुरू होतं. डावं बटण दाबलं की त्या जागी पिवळा ठिपका उमटतो आणि विरून जातो, उजवं दाबलं की निळा. “कुठं दाबलं?” या प्रश्नाचं उत्तर हेच. डबल क्लिक शिकवताना तर याच्यासारखं दुसरं काही नाही, कारण दोन क्लिक नेमके एकाच जागी पडले की मधे बाण सरकला, हे शिकणारीला स्वतःच्या पडद्यावर दिसतं. डबल क्लिक न जमण्याचं कारण बोटांचा वेग असेल असं सगळ्यांना वाटतं. निम्म्या वेळा कारण वेगळंच असतं. दुसऱ्या क्लिकच्या वेळी हात घसरलेला असतो.

पण आहे त्या सेटिंगवर हे आमच्या सभागृहात चालत नाही. पिवळा रंग कॉम्प्युटरच्या पडद्यावर उठून दिसतो, उजेडात न्हालेल्या भिंतीवर पांढऱ्यात मिसळून जातो. मी डाव्या बटणाला गडद लाल दिला, उजव्याला गडद निळा, रंगाचा दाटपणा वाढवला, आणि ठिपक्याची त्रिज्या मुळात २० असते ती दुपटीहून जास्त केली. ठिपका विरायला लागण्याआधी मूळ सेटिंगमध्ये अर्धा सेकंद थांबतो, तो थांबा मी वाढवला. वर्गाची नजर वहीवरून भिंतीवर यायला तेवढा वेळ लागतोच. बटण न दाबताही बाणाभोवती सतत फिकं वर्तुळ ठेवायची सोय आहे, ती मी दुपारच्या सत्रात चालू ठेवते. बाण शोधण्याच्या साधनाचंही तसंच. पडदा मंद करण्यावर त्याचा भर आहे, आणि उजेडाच्या खोलीत मंद झालेलं नि न झालेलं यात फार फरक उरत नाही. म्हणून तिथं मंदपणा वाढवून जवळजवळ काळोख करावा लागतो. हे आकडे कुणाच्या सांगण्यावरून लावू नयेत. मागच्या रांगेत जाऊन बसावं, एका बाईला माउस चालवायला सांगावं, आणि स्वतःच्या डोळ्यांनी ठरवावं.

एक्सेलमध्ये तरीही एक पेच उरतो, आणि माझ्या मते एक्सेलमधलं सगळ्यात महत्त्वाचं शिक्षण त्या पेचातच आहे. तिथं बाणाचं रूप बदलतं. रकान्याच्या मधोमध असलं की जाड पांढरी अधिकची खूण, तिनं रकाना निवडला जातो. रकान्याच्या कडेवर गेलं की चार दिशांना तोंडं असलेली खूण, तिनं रकाना उचलून दुसरीकडं नेता येतो. आणि उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या चिमुकल्या चौकोनावर गेलं की बारीक काळी अधिकची खूण, ती धरून खाली ओढली की सूत्र पुढच्या ओळींत भरलं जातं. या तीन जागांमधलं अंतर दोन-चार ठिपक्यांचं. व्याजाचं सूत्र खाली ओढायचं असतं आणि हातून रकानाच उचलला जातो, मग वरची जागा रिकामी पडते, बाई म्हणते, “माझं व्याज गेलं!” बटण तिनं बरोबर दाबलेलं असतं. खूण कुठली होती ते तिला दिसलेलं नसतं.

वर्तुळ इथं पुरेसं नाही, कारण वर्तुळ जागा दाखवतं, रूप दाखवत नाही. म्हणून या धड्याला मी विंडोजमध्येच असलेलं भिंग वापरते. विंडोजची की आणि अधिकचं बटण दाबलं की सगळा पडदा मोठा होतो, त्याबरोबर बाणही मोठा होतो. मग मी माउस अगदी सावकाश त्या कोपऱ्याकडं नेते आणि वर्गाला रूप बदललं की “आलं” म्हणायला सांगते. पांढरी, पांढरी, चार तोंडांची, आलं! सगळा वर्ग एका सुरात म्हणतो. मी पुन्हा किंचित सरकते, गेलं! असं आठ-दहा वेळा झालं की मग प्रत्येकीनं आपापल्या मशीनवर करायचं. या खेळानंतर व्याज हरवायच्या तक्रारी फार कमी झाल्या. पॉवरटॉइजमध्ये अलीकडं झूमइट नावाचं जुनं साधनही आलं आहे. मार्क रसिनोविच यांनी लिहिलेलं हे साधन सादरीकरण करणारे लोक कितीतरी वर्षं वापरत आले आहेत. त्यानं पडदा मोठा करून त्यावर लाल पेननं रेघा मारता येतात. सूत्र कुठून कुठं गेलं ते दाखवायला मी ते घेते.

पॉवरटॉइजमधलं माउसचं तिसरं साधन मी वर्गासाठी बसवलं नव्हतं, ते यादीत होतं म्हणून चालू राहिलं. विंडोजची की, ऑल्ट आणि पी दाबलं की बाणातून एक आडवी आणि एक उभी लाल रेघ पडद्याच्या कडेपर्यंत जाते. पडद्यावरचा बाण पार हरवणाऱ्यांसाठी ती सोय असावी असं मला वाटत होतं. आमच्या एका ताईंनी तिचा खरा उपयोग दाखवला. ग्रामसंघाचा कर्जाचा तक्ता आडवा लांबच लांब असतो. डावीकडं सभासदाचं नाव, उजवीकडं महिन्यामहिन्याचे हप्ते. मार्चच्या रकान्यापर्यंत जाईतो नाव कुठलं होतं हे सुटतं, आणि वरच्या ओळीचा हप्ता खालच्या बाईच्या नावावर पडतो. वहीत त्या फूटपट्टी ठेवून वाचत. पडद्यावर त्यांनी त्या लाल रेघांचीच पट्टी केली. आडवी रेघ नावाखाली, उभी रेघ महिन्याखाली. आता हप्ते भरताना बऱ्याच जणी तसंच करतात, आणि मीही नव्या बॅचला हे साधन दाखवताना त्यांचंच उदाहरण देते.

काही ठिकाणी हे काहीच बसवता येत नाही. कित्येक कॉम्प्युटर लॅबमध्ये मशीन बंद करून चालू केलं की बसवलेलं सगळं पुसलं जातं, किंवा काही बसवायलाच मनाई असते. तिथं विंडोजचीच जुनी सोय कामाला येते. माउसच्या सेटिंगमध्ये पॉइंटर ऑप्शन्स नावाचं पान आहे, त्यात शेवटी कंट्रोल दाबल्यावर बाणाची जागा दाखवायची खूण करता येते. मग एकदा कंट्रोल दाबून सोडलं की बाणाभोवती वर्तुळं आकसत येतात. ती बारीक आणि फिकी असतात, पण पडद्यासमोर बसलेल्याला पुरतात. त्याच पानावर बाणामागं शेपूट उमटवायची सोय आहे, ती विंडोज ३.१ पासूनची. तेव्हाच्या लॅपटॉपचे पडदे इतके संथ असत की हलता बाण दिसेनासाच व्हायचा, त्यावरचा तो उपाय. आणि सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीच्या भागात बाण मोठा करता येतो, त्याला हवा तो रंग देता येतो. ज्यांना जवळचं कमी दिसतं त्यांच्या मशीनवर मी हे पहिल्याच दिवशी करून देते, कुणी मागायची वाट बघत नाही.

अजून एक अडचण सांगण्यासारखी आहे, कारण ती कळेपर्यंत माणूस हैराण होतो. कधी कधी कंट्रोल दोनदा दाबूनही काही होत नाही. अशा वेळी समोर टास्क मॅनेजरसारखी ॲडमिनच्या अधिकारानं उघडलेली खिडकी असते. पॉवरटॉइज साध्या अधिकारानं चालू असेल तर त्या खिडकीत दाबलेल्या की त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. दुसऱ्या खिडकीवर क्लिक करून पुन्हा दाबलं की काम होतं.

वर्गानंतरच्या शंका आम्ही संध्याकाळी गूगल मीटवर घेतो. स्वयंपाक उरकून, मोबाइल भिंतीला टेकवून बायका बसतात. माझा अख्खा पडदा त्यांच्या हातातल्या मोबाइलवर मावतो, म्हणजे बाण मुंगीएवढाही राहत नाही. तिथं वर्तुळ आणखी मोठं करावं लागतं, आणि शेअर करताना नुसती एक्सेलची खिडकी न निवडता संपूर्ण पडदा निवडावा लागतो. ही वर्तुळं आणि रेघा एक्सेलच्या आत नसतात, सगळ्या खिडक्यांवर एक वेगळा पारदर्शक थर असतो, त्यामुळं एकट्या खिडकीच्या शेअरिंगमध्ये त्या समोरच्याला दिसतच नाहीत. संपूर्ण पडदा शेअर करायच्या आधी व्हॉट्सॲप आणि मेल बंद करायची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

परवा लाल रेघांची पट्टी करणाऱ्या त्याच ताईंचा फोन आला. आता त्यांच्या प्रभागसंघात, म्हणजे ग्रामसंघांच्या वरच्या संघात, त्या स्वतः नव्या लिपिकांना शिकवणार आहेत. प्रोजेक्टर नाही, एकच कॉम्प्युटर आणि त्याच्याभोवती गोळा झालेल्या सहा-सातजणी. “मॅडम, ते लाल रेघांचं आमच्यात बसंल का?” असं विचारत होत्या. कॉम्प्युटर ऑफिसचा आहे, ॲडमिनचा पासवर्ड त्यांच्याकडं नाही. एका खात्यापुरती बसणारी फाइल मी पेनड्राइव्हवर घेतली आहे. सोमवारी दहिवडीला त्यांच्या ऑफिसात जाऊन बसवून देईन, रंग आणि त्रिज्या मात्र त्याच ठरवतील.